शनिवारवाडा मुळात कसा दिसत होता? पुनर्रचनेच्या चित्रांवर किती विश्वास ठेवावा

प्रश्न असा आहे: शनिवारवाड्याची सात मजली, घुमट आणि सोनेरी कळस असलेली चित्रे सध्या सगळीकडे दिसतात, ती कितपत खरी मानावीत, आणि एखाद्या संस्थेला प्रदर्शनासाठी असे चित्र करून घ्यायचे असेल तर चित्रकाराकडून काय मागावे? जुन्या वास्तूंची मोजणी करून त्यावरून त्यांच्या मूळ रूपाची रेखाटने तयार करणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे की, या वाड्याचा जमिनीवरचा आराखडा आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, खालच्या मजल्यांबद्दल आधाराने बोलता येते, आणि तिथून जसजसे वर जावे तसतसा आधार विरळ होत जातो. प्रचलित चित्रांत मात्र ज्या भागाविषयी सर्वांत कमी माहिती आहे, तोच भाग सर्वांत बारकाईने रंगवलेला असतो.

चित्र समोर आले की पहिल्यांदा विचारायचे ते हे, की हा वाडा कोणत्या वर्षीचा आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी झाली आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 रोजी. बाजीराव पेशव्यांच्या त्या मूळ बांधकामाचा खर्च 16,110 रुपये असा दिला जातो. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याला दोन लाखांच्या आसपास खर्च आला असे सांगतात. मधल्या पाऊणशे वर्षांतली भाववाढ आणि दोन्ही पेशव्यांच्या राहणीतला फरक जमेस धरला, तरी 1732 चा वाडा हा नंतरच्या वैभवाच्या मानाने आटोपशीर होता, एवढा निष्कर्ष या दोन आकड्यांवरून काढायला हरकत नाही. पुढे नानासाहेबांच्या कारकिर्दीत, विशेषतः 1749 मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यानंतर, कोटाचे आणि दिल्ली दरवाजाचे काम पुरे झाले आणि दरवाजावर लाकडी नगारखाना चढला. गणेश रंगमहाल 1755 चा. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधले गेले, म्हणजे ते 1774 नंतरचे. 1791 मध्ये वाड्यात आग लागली, त्यानंतरही लागल्या, आणि प्रत्येक आगीनंतर काही भाग पुन्हा उभा राहिला तर काही सोडून दिला गेला. 17 नोव्हेंबर 1817 रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेली आग कित्येक दिवस चालली आणि आतल्या लाकडी इमारती तिने संपवल्या.

या क्रमाकडे नीट पाहिले की सर्वांत लोकप्रिय चित्रातली गफलत लगेच ध्यानात येते. पहिले बाजीराव घोड्यावर बसून दिल्ली दरवाजातून बाहेर पडत आहेत, डोक्यावर नगारखाना आहे, आणि मागे आत कारंजे उडते आहे, अशा चित्रात तीन पिढ्या एकाच क्षणी हजर असतात. बाजीरावांचे निधन 1740 मध्ये झाले. त्यांनी तो नगारखाना पाहिलेलाच नाही. चित्रकाराने 1738 निवडावे, 1760 निवडावे किंवा 1790 निवडावे, पण निवडावे. मला स्वतःला 1790 च्या आसपासचे वर्ष सोयीचे वाटते, कारण त्या काळाचा समकालीन चित्रपुरावा उपलब्ध आहे. त्याच्याकडे पुढे वळू.

वाडा इंग्रजांच्या तोफांनी पाडला आणि वरचे सहा मजले कोसळून फक्त तळमजला उरला, ही कथाही अनेक चित्रांखाली मजकूर म्हणून छापलेली असते. 1817 मध्ये वाडा तोफा डागून घेतलेला नाही, आणि त्याचा नाश झाला तो 1828 च्या आगीत. पुनर्रचनेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. तोफांनी दगडी मजले कोसळले असते तर आत घडीव दगडांचे प्रचंड ढीग उरले असते. प्रत्यक्षात आत उरली ती जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, कारण त्यांच्यावर उभे असलेले बांधकाम सागवानी खांब, तुळया, विटा आणि मातीचे होते, आणि ते जळून किंवा ढासळून गेले. कोटाच्या भिंतीतही खाली दगड आणि वर वीट असे दोन भाग आजही दिसतात. दगडी वास्तूचा अधिकार केवळ छत्रपतींचा, म्हणून वर वीट वापरली, अशी आख्यायिका त्यावर सांगितली जाते. तिची सत्यता काहीही असो, रेखाटन करणाऱ्याला भिंतीची ती रेषा जशी आहे तशीच दाखवली पाहिजे.

आता जमिनीवरचा पुरावा. 1919 मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाला आणि नंतरच्या काही वर्षांत आतली सरकारी बांधकामे हटवून, माती काढून जुनी जोती उघडी करण्यात आली. आज आपण आत फिरतो तेव्हा हिरवळ आणि त्यात उठलेले दगडी चौथरे दिसतात. हिरवळ अलीकडची आहे, आणि तरीही कितीतरी चित्रांत पेशवाईतल्या चौकात ती डौलाने पसरलेली असते. वाड्याचा चौक हा बहुधा फरसबंद किंवा चोपलेल्या जमिनीचा असतो. तिथे माणसे, घोडे, पालख्या, पंगती यांचा वावर असतो, गवत टिकणार कसे? कोट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे यांच्याबद्दल शंका नाही: उत्तरेला दिल्ली आणि मस्तानी, पूर्वेला खिडकी आणि गणेश, दक्षिणेला नारायण किंवा जांभूळ दरवाजा. हा सर्व भाग मोजून काढता येतो आणि चित्रात तो ठाम रेषेत यायला हवा.

जोत्यावरून केवळ लांबी-रुंदी कळते असे पुष्कळांना वाटते, पण जोते त्याहून बरेच काही सांगते. खांब ज्यांवर उभे राहतात ते दगड, म्हणजे तळखडे, जागेवर असतील तर दोन तळखड्यांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि वाड्याचे सारे बांधकाम खणांच्या हिशेबाने चालते. जुन्या वाड्यांत हा खण साधारण 5 ते 6 फुटांचा आढळतो. तळखडा गेला असेल तर त्याची बैठक, तीही नसेल तर आडव्या-उभ्या भिंतींची जाडी आणि चौकाची कड यांवरून खणांची जाळी पुन्हा मांडता येते. जिन्यांच्या जागा भिंतीच्या पोटात शोधाव्या लागतात, कारण वाड्यातले जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आणि भिंतीच्या जाडीत दडवलेले असतात. जिथे जिना सुरू झाल्याची खूण सापडते तिथे वर निदान एक मजला होता हे सिद्ध होते. गटारे, मोऱ्या, हौद आणि खापराचे नळ यांवरून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बागेकडचा भाग ओळखता येतो. भिंत किती जाड आहे आणि ती वर जाताना किती आत घेतली आहे यावरून ती किती भार सोसू शकेल याचा अंदाज करता येतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सगळे चित्र त्यावर उभे राहते. ज्या चित्रकाराने ते केलेले नाही त्याच्या चित्रातले खांब मोजून पाहिले की ते जोत्याशी जुळत नाहीत.

इथून वर जाण्यासाठी तुलना लागते. सासवडचा पुरंदरे वाडा, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, पुण्यातला नानावाडा, विश्रामबागवाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल या वास्तूंमधून मजल्याची उंची, सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, केळफुलांची नक्षी, कडीपाट आणि तक्तपोशीची लाकडी छते, कोनाडे आणि गवाक्षे यांची प्रमाणे घेता येतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात आहेत आणि त्या काळच्या लाकूडकामाची घडण जवळून पाहायला ते फार उपयोगी पडतात. मात्र तुलना करतानाही सावधगिरी हवी. नानावाडा आणि विश्रामबागवाडा हे शनिवारवाड्यानंतर दोन पिढ्यांनी आलेले आहेत, आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग तर 1879 च्या आगीत जळून नंतर दुरुस्त झालेला आहे. म्हणजे तिथला एखादा सुबक सज्जा डोळे मिटून 1732 च्या वाड्यावर चिकटवणे म्हणजे नातवाचा चेहरा आजोबांच्या तसबिरीत बसवण्यासारखे आहे. सासवडचा वाडा काळाने जवळचा, म्हणून त्याला अधिक वजन द्यावे असे माझे मत आहे.

समकालीन चित्रपुरावा म्हणून जे एक चित्र सतत पुढे येते, ते म्हणजे इंग्रज वकील (म्हणजे राजदूत) चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात 1790 चा तह करत असल्याचे मोठे तैलचित्र. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात राहून त्यासाठी व्यक्तिचित्रे आणि रेखाटने केली; 1795 मध्ये वेल्स वारला आणि त्याच्या सामग्रीवरून टॉमस डॅनियलने इंग्लंडमध्ये 1805 मध्ये ते चित्र पूर्ण केले. त्यात दरबाराचा महाल, खांबांच्या रांगा, महिरपी आणि गणपतीची मूर्ती दिसते, म्हणून ते गणेश रंगमहालाचे चित्र मानले जाते. पुनर्रचना करणाऱ्यासाठी ते सोन्याची खाण आहे, पण खाणीतून माती बाजूला काढूनच सोने घ्यावे लागते. बसण्याची पद्धत, पागोटी, बैठका, खांबांची घडण, महिरपींचा प्रकार हे तपशील जागेवर केलेल्या रेखाटनांतून आलेले असण्याची शक्यता मोठी आहे. महालाची एकूण लांबी आणि उंची यांवर मात्र मी तेवढा भरवसा ठेवणार नाही, कारण लंडनच्या प्रदर्शनासाठी केलेल्या दरबारी चित्रात गर्दी मावावी आणि भव्यता वाटावी म्हणून जागा ताणणे हे त्या काळी सर्रास चालत असे. चित्रातले खांब मोजावेत, एक खण किती फुटांचा धरला आहे ते माणसांच्या उंचीवरून काढावे, आणि ते माप जोत्याच्या मापाशी ताडून पाहावे. जिथे दोन्ही जुळतात तिथे चित्राला साक्षीदार मानावे. जिथे जुळत नाहीत तिथे जोते खरे.

कागदपत्रांचा आधारही आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. पेशवे दप्तरातून आणि नंतरच्या वर्णनांतून थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना, जुना आरसेमहाल अशी नावे मिळतात. नाव मिळाले म्हणजे रूप मिळाले असे नव्हे. आरसेमहाल म्हटल्यावर चित्रकार राजस्थानातल्या शीशमहालासारखा लखलखाट रंगवतो. मराठी वाड्यात काही भिंतींवर आरसे बसवलेला, हंड्या-झुंबरे टांगलेला दिवाणखाना एवढाही अर्थ त्याला पुरेल. नाव कोणत्या जोत्याला लावायचे हा आणखी वेगळा वाद आहे, आणि आराखड्यावर नावे लिहिताना 'परंपरेनुसार' हा शब्द जोडण्याची सवय चित्रकाराला असावी.

आता सात मजल्यांकडे येऊ. वाडा सात मजली होता ही परंपरा जुनी आहे आणि ती सरळ खोटी ठरवण्याचे कारण मला दिसत नाही. पण ती संपूर्ण वाड्याला लागू करण्याचेही कारण दिसत नाही. मजले मोजताना तळघर, पोटमाळा आणि गच्चीवरची मेघडंबरी हे सगळे जमेस धरण्याची रीत होती. शिवाय उंची ही बहुधा एकाच ठिकाणी एकवटलेली असते: इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजली म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते, पण ती उंची दर्शनी भागाची आहे, मागचा सर्व पसारा तेवढा उंच नाही. शनिवारवाड्यातही एखादा भाग उंच नेलेला, बाकीचे चौक दोन किंवा तीन मजली, असे गृहीत धरणे लाकूड आणि विटांच्या बांधकामाच्या ताकदीला अधिक धरून आहे. प्रचलित चित्रांत मात्र कोटाच्या आत एका सलग, सात थरांच्या डोंगरासारखी इमारत उभी असते आणि चौकांना उजेड कुठून मिळतो हे कुणी विचारत नाही. चौकाची रुंदी आणि भोवतीच्या इमारतीची उंची यांचे गणित चुकले तर तळमजल्याची ओसरी दुपारीही अंधारात राहील.

मेघडंबरीवरून आळंदीच्या मंदिराचे शिखर दिसत असे, असेही सांगतात. या विधानाची परीक्षा करता येते, म्हणून ते मला आवडते. वाड्यापासून आळंदी सरळ रेषेत सुमारे 18 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईचाच विचार केला तर सपाट जमिनीपासून 25 मीटर उंच उभे राहिलेल्या माणसाला क्षितिज साधारण 18 किलोमीटरवर दिसते, आणि शिखराची स्वतःची उंची त्यात भर घालते. म्हणजे गोलाई आड येत नाही. आड येऊ शकते ती मधली जमीन, विशेषतः कळस-दिघीच्या बाजूचे चढ. उंचीच्या नकाशावरून ही रेषा आखून पाहता येते, आणि त्यावरून मेघडंबरी किमान किती उंच असायला हवी याचा आकडा काढता येतो. पण तो आकडा एका बिंदूची उंची सांगेल, खाली किती मजले होते आणि ते किती पसरले होते हे सांगणार नाही. दंतकथेला तपासण्यासारखे विधान मानून तिच्याकडून जेवढे मिळते तेवढेच घ्यावे.

छप्पर हा चित्रातला सर्वांत दुबळा भाग. घुमट मी काढणार नाही: खणांच्या जाळीवर उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याला मोठ्या चुनेगच्ची घुमटाचा भार पेलवत नाही, आणि जोत्यांत तसा भार घेणाऱ्या जाड भिंतींच्या चौकटी असल्याशिवाय तो दाखवण्याला आधार नाही. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट, गच्च्या आणि उतरती कौलारू छपरे यांचा मेळ अधिक संभवतो. कौले काढताना मात्र लाल, चपटी, खाचेची मंगळुरी कौले काढू नयेत. ती बासेल मिशनच्या कारखान्यातून 1865 पासून निघू लागली, वाडा जळून गेल्यावर 37 वर्षांनी. पेशवाईत असतील ती कुंभाराने थापलेली, हाताच्या मापाची, नळीची कौले. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की चित्रकाराने अभ्यास केला आहे की नाही हे ओळखायला मी आधी कौलांकडे पाहतो.

कारंज्याबद्दल थोडेच सांगायचे आहे. त्याचा हौद जागेवर आहे, त्यामुळे आकाराबद्दल वाद नाही. पाण्याचे फवारे मात्र चित्रांत दुमजली उंच जातात. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या कारंज्याचा फवारा त्याला पाणी पुरवणाऱ्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच जाऊ शकत नाही, आणि नळातल्या घर्षणामुळे त्याहून बराच कमी राहतो. नानासाहेबांनी कात्रजहून पाणी आणले ते बंदिस्त नहरातून आणि पाण्याचा दाब मोकळा करणाऱ्या उच्छ्वासांच्या मदतीने. त्यामुळे कात्रजची उंची धरून हिशेब करता येत नाही, वाड्याजवळच्या शेवटच्या टाकीची पातळी धरावी लागते.

मग अनिश्चितता चित्रात दाखवायची कशी? 19व्या शतकात रोममधल्या फ्रेंच अकादमीच्या विद्यार्थ्यांना प्राचीन वास्तूंची दोन वेगळी पत्रके पॅरिसला पाठवावी लागत: एक आज जे शिल्लक आहे त्याचे, दुसरे पूर्वी कसे असेल त्याचे. दुसऱ्या पत्रकात पुष्कळदा कल्पनेचे घोडे मोकाट सुटत, पण पहिले पत्रक शेजारी असल्यामुळे पाहणाऱ्याला तुलना करता येत असे. ब्रिटनमधला अ‍ॅलन सॉरेल हा पुनर्रचनेच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार धूर, ढग आणि पावसाळी सावल्या यांचा मुक्त वापर करी. ज्याचा पुरावा नाही तो भाग धुरात जाई. ही युक्ती मला प्रामाणिक वाटते, फक्त ती चित्राखाली सांगितली पाहिजे. संगणकावर तयार होणाऱ्या चित्रांत अडचण वाढली आहे, कारण यंत्र मोजलेल्या भिंतीला आणि कल्पिलेल्या सज्जाला सारखाच सफाईदार पोत चढवते. याच चिंतेतून लंडन चार्टर नावाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे तयार झाली. प्रत्येक दृश्य निर्णयामागचे कारण नोंदवून ठेवावे आणि ज्ञात, अनुमानित व काल्पनिक यांतला फरक पाहणाऱ्याला कळावा, असे ती सांगतात. 1964 च्या व्हेनिस सनदेने प्रत्यक्ष जीर्णोद्धाराबद्दल तर्क सुरू होतो तिथे काम थांबले पाहिजे असा नियम घातला. कागदावर तर्काला मुभा आहे, आणि म्हणूनच वाडा 'पुन्हा बांधा' अशी मागणी होते तेव्हा मी चित्राच्या बाजूने आणि बांधकामाच्या विरोधात असतो. चित्र चुकले तर दुसरे काढता येते, जोत्यावर काँक्रीट ओतल्यावर जोतेही जाते.

तुमच्या संस्थेसाठी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. करारात वर्ष लिहा. चित्राआधी मोजणीचा आराखडा आणि त्यावर मांडलेली खणांची जाळी मागा, आणि ती मान्य केल्याशिवाय रंगाचे काम सुरू करू देऊ नका. अंतिम चित्रात मोजलेला भाग ठळक रेषेत, तुलनेवरून घेतलेला भाग हलक्या रेषेत आणि निव्वळ तर्काचा भाग तुटक रेषेत किंवा फिक्या रंगात ठेवायला सांगा. प्रेक्षकांना अर्धवट चित्र आवडणार नाही ही भीती असेल तर पूर्ण रंगवलेले चित्र मोठे लावा आणि त्याच्या शेजारी त्याच कोनातून हे तीन रेषांचे छोटे चित्र लावा. छपराचे आणि उंच भागाचे निदान दोन पर्याय काढून घ्या, कारण दोन पर्याय शेजारी दिसले की प्रेक्षक आपोआप विचारतो की असे का. कपडे, निशाणे, हत्ती यांच्यावर फार पैसे घालवू नका. गर्दी जितकी वाढते तितकी वास्तू झाकली जाते. प्रत्येक महत्त्वाच्या तपशिलाला एक ओळ याप्रमाणे आधाराची नोंदवही चित्रकाराकडून लिहून घ्या आणि ती प्रदर्शनाच्या टेबलावर उघडी ठेवा. मूळ रेखाटन आणि संगणकावरची मूळ फाइल संस्थेच्या ताब्यात राहील, अशी अटही घाला, कारण उद्या एखादे नवे जोते उघडले किंवा दप्तरात नवा कागद सापडला तर सगळे चित्र पुन्हा न काढता तेवढाच मजला बदलता यायला हवा.